गोचीड ताप: पाळीव कुत्र्याच्या रक्तात लपून राहणारा आजार आणि त्याचा पूर्ण उपचार

रानजाई (पुणे)

पावसाळा ओसरू लागला की पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या बाकांवर एकसारखी तक्रार ऐकू येऊ लागते. कुत्रा दोन दिवस नीट जेवत नाही, फिरायला नेले तर अर्ध्या वाटेवर बसतो, हाक मारल्यावर शेपूट हलवतो पण उठत नाही. घरच्यांना वाटते की पोट बिघडले असावे किंवा हवा बदलल्यामुळे मरगळ आली असावी. यांतील बऱ्याच कुत्र्यांना प्रत्यक्षात गोचीड ताप असतो, आणि तो ओळखण्यात गेलेले आठ-दहा दिवस पुढे फार महाग पडतात. अनुभवी मंडळींनी भर घालावी आणि नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांना एका जागी भरवशाची माहिती मिळावी, म्हणून हा धागा काढत आहे.

आपण सरसकट गोचीड ताप म्हणत असलो, तरी त्यामागे वेगवेगळे रोगजंतू असतात. आपल्याकडे वारंवार आढळणारा एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींच्या आत राहतो. बबेसिया हा जिवाणू नसून एकपेशीय परजीवी आहे आणि तो तांबड्या पेशी फोडतो. ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस थेट प्लेटलेटमध्ये, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशींमध्ये, शिरतो. हेपॅटोझून नावाचा परजीवी तर गोचीड चावल्याने नव्हे, तर अंग चाटताना गोचीड गिळला गेल्याने शरीरात जातो. एकाच कुत्र्यात यांपैकी दोन आजार एकत्र सापडणे दुर्मीळ नाही, त्यामुळे एका औषधाने अर्धवट बरे वाटून कुत्रा पुन्हा खाली बसला, तर दुसरा रोगजंतू शोधावा लागतो.

एर्लिकियाविषयी मला सर्वांत जास्त कळकळीने सांगावेसे वाटते, कारण हा आजार तीन टप्प्यांत चालतो आणि मधला टप्पा फसवा आहे. गोचीड चावल्यानंतर साधारण ८ ते २० दिवसांनी पहिला, तीव्र टप्पा सुरू होतो. ताप, भूक मंदावणे, डोळ्यांतून किंवा नाकातून स्राव, मानेखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी सुजणे, प्लेटलेट घसरणे ही त्याची लक्षणे होत. हा टप्पा दोन ते चार आठवडे टिकतो आणि नंतर उपचार न करताही अनेक कुत्रे जेवू-खेळू लागतात. घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, परंतु जिवाणू प्लीहेत दडून बसलेला असतो आणि काही महिने, कधी काही वर्षे तसाच राहतो. त्यांतील काही कुत्र्यांत पुढे तिसरा टप्पा येतो. त्यात अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणेच थांबवू लागते, नाकातून रक्त वाहते, पोटाच्या त्वचेवर लाल-जांभळे ठिपके उमटतात, डोळ्यांत रक्त उतरते. या अवस्थेतून कुत्र्याला परत आणणे अत्यंत कठीण असते. जर्मन शेफर्ड जातीत हा आजार अधिक उग्र रूप घेतो, हे पशुवैद्यकात चांगले नोंदलेले आहे.

घरच्या घरी काय पाहता येते, हेही सांगते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान माणसापेक्षा जास्त, म्हणजे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यामुळे कान किंवा नाक गरम लागते एवढ्यावरून तापाचा अंदाज बांधू नये. एक वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवावा, त्याच्या टोकाला थोडे व्हॅसलीन लावून तो गुदद्वारात हलकेच सरकवून तापमान घ्यावे, आणि १०३ च्या वर आकडा गेला तर दवाखाना गाठावा. रोज एकदा ओठ उचलून हिरड्या बघण्याची सवय लावावी. निरोगी हिरडी गुलाबी असते, बोटाने दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघावा. फिकट हिरड्या, गडद कॉफीसारखी लघवी किंवा पोटावरचे ठिपके दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

अंगावर एकही गोचीड दिसला नाही म्हणून हा आजार नाकारता येत नाही. लक्षणे दिसेपर्यंत चावलेला गोचीड केव्हाच गळून पडलेला असतो, आणि केसाळ कुत्र्याच्या कानाच्या घडीत किंवा पंजाच्या बोटांमध्ये बसलेले गोचिडाचे बारीक पिल्लू नजरेला पडतही नाही.

पाऊसवाट (ठाणे)

रानजाई ताई, हा धागा अगदी वेळेवर आला. आमची लॅब्रेडोर जातीची कुत्री, वय साडेचार वर्षे, गेल्या आठवड्यात तापाने फणफणली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि ती दुसऱ्याच दिवशी जेवू लागली, पण काल संध्याकाळपासून पुन्हा खाणे सोडले आहे. रक्ततपासणीत प्लेटलेट ६२ हजार आल्या आहेत. काचपट्टीवर रक्त पसरून केलेल्या तपासणीत मात्र कोणताही परजीवी दिसला नाही, असे अहवालात लिहिले आहे. याचा अर्थ गोचीड ताप नाही असा घ्यायचा का? घरात सासूबाईंनी माणसांची पॅरासिटॅमॉल अर्धी गोळी द्यावी असे सुचवले आहे, ती चालेल का?

सूक्ष्मदर्शी (नागपूर)

पाऊसवाट, प्रथम गोळीविषयी लिहितो, कारण तो प्रश्न तातडीचा आहे. पॅरासिटॅमॉल किंवा आयब्युप्रोफेन मुळीच देऊ नका. पॅरासिटॅमॉल कुत्र्याच्या यकृताला आणि तांबड्या पेशींना इजा करू शकते, तर आयब्युप्रोफेनमुळे जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो. प्लेटलेट आधीच कमी असताना असा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

मी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे अहवालाविषयी थोडे विस्ताराने सांगतो. रक्ताच्या काचपट्टीवर एर्लिकिया दिसला तर निदान पक्के होते, परंतु दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. तीव्र टप्प्यातही फार थोड्या पांढऱ्या पेशींत तो असतो आणि पुढच्या टप्प्यांत तर तो जवळजवळ सापडतच नाही. बबेसियाच्या बाबतीत कानाच्या कडेला टोचून घेतलेल्या थेंबाची पट्टी केली, तर तो सापडण्याची शक्यता काहीशी वाढते.

दुसरी तपासणी म्हणजे दवाखान्यातच काही मिनिटांत होणारी प्रतिद्रव्यांची (रोगजंतूविरुद्ध शरीर बनवते त्या प्रथिनांची) पट्टी. ती संसर्गानंतर लगेच केली, तर शरीराने प्रतिद्रव्ये बनवलेलीच नसतात आणि निकाल खोटा नकारार्थी येतो. उलट, पूर्वी कधी संसर्ग होऊन कुत्रा बरा झाला असला, तरी ती प्रतिद्रव्ये कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे रक्तात राहतात. म्हणून ही पट्टी होकारार्थी आली याचा अर्थ आजार आत्ताच चालू आहे असा होत नाही, आणि उपचार यशस्वी झाला की नाही हे तपासायला ती उपयोगाची नाही. तिसरी पीसीआर तपासणी रोगजंतूचा जनुकीय अंश शोधते आणि कोणता रोगजंतू आहे तेही सांगते. ती खर्चिक आहे आणि तिचा निकाल यायला वेळ लागतो, परंतु तुमच्यासारख्या परिस्थितीत ती करून घेणे मला रास्त वाटते. रक्त मात्र प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी काढलेले असावे.

आणखी एक बारकावा सांगतो. नमुन्यात प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या, तर यंत्र त्यांना एकेक मोजू शकत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाखांच्या दरम्यान असतात, तर ग्रेहाउंडसारख्या शिकारी जातींत त्या मुळातच कमी असतात. ६२ हजार हा आकडा काचपट्टीवर डोळ्यांनी मोजून पडताळला आहे का, ते प्रयोगशाळेला विचारा. आकडा खरा असेल, त्याच्या जोडीला ताप असेल आणि कुत्री गोचीड असलेल्या भागात राहत असेल, तर बहुतेक पशुवैद्य पीसीआरच्या निकालाची वाट न पाहता नमुना काढून ठेवून उपचार सुरू करतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

बबेसियाचा वेगळा विचार करावा लागतो, कारण त्याच्या प्रकारांवर औषध ठरते. मोठ्या आकाराच्या बबेसियावर इमिडोकार्बचे इंजेक्शन चांगले काम करते. बबेसिया गिब्सोनी या लहान प्रकारावर तेच इंजेक्शन फारसे चालत नाही आणि ॲटोव्हाक्वोन व ॲझिथ्रोमायसिन यांची जोडी वापरावी लागते. हा लहान प्रकार आपल्या देशाला नवा नाही. मद्रासमधील शिकारी कुत्र्यांच्या रक्तात त्याची नोंद १९१० साली पॅटन यांनी केली होती.

पाऊसवाट (ठाणे)

मनःपूर्वक आभार. गोळी दिलेली नाही. आज सकाळी डॉक्टरांनी पीसीआरसाठी रक्त घेऊन डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले. पहिल्याच मात्रेनंतर अर्ध्या तासात तिने उलटी केली. औषध २८ दिवस द्यायचे आहे, आणि हे असेच चालले तर ते पोटात कसे टिकणार याची काळजी वाटते. शेजारच्या काकांनी त्यांच्या कुत्र्याला दहा दिवसांत बरे वाटल्यावर औषध थांबवले होते आणि त्याऐवजी पपईच्या पानांचा रस दिला, असे ते सांगतात.

रानजाई (पुणे)

डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी दिले की बहुतेक कुत्र्यांना मळमळते. थोडा भात आणि उकडलेले चिकन असे अर्धे जेवण झाल्यावर गोळी द्यावी आणि उरलेले अर्धे जेवण तिच्यावर द्यावे. गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम करते, म्हणून ती कोरडी घशात ढकलू नये. नंतर पाणी किंवा मिठाशिवायचे पातळ सूप पाजावे. गोळी दुधात, दह्यात किंवा पनीरमध्ये लपवून देण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, परंतु कॅल्शियममुळे या औषधाचे शोषण कमी होऊ शकते. लोहाच्या टॉनिकच्या बाबतीत तर हे अधिक कटाक्षाने पाळावे लागते. रक्त कमी झाले म्हणून टॉनिक दिले जाते आणि ते गोळीबरोबरच पाजले जाते. दोहोंमध्ये तीन तासांचे अंतर ठेवा. एवढे करूनही उलट्या होत राहिल्या, तर डॉक्टरांना सांगून दिवसाची मात्रा दोन भागांत विभागून घेता येते किंवा मळमळ थांबवणारे औषध आधी देता येते. मात्रा किंवा गोळीचा प्रकार मनाने बदलू नका. उलटी नेमकी गोळीनंतर किती वेळाने झाली हे लिहून ठेवा, म्हणजे ती पुन्हा द्यायची की नाही हे डॉक्टरांना ठरवता येईल.

शेजारच्या काकांच्या सल्ल्याविषयी मी आदरपूर्वक पण ठाम असहमती नोंदवते. तीव्र टप्प्यात डॉक्सिसायक्लिन सुरू केले की एक ते तीन दिवसांत कुत्रा टवटवीत दिसू लागतो. ती टवटवी म्हणजे जिवाणू दबल्याचे लक्षण आहे, तो संपल्याचे नव्हे. दिवसाला दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम आणि २८ दिवस, हा नियम उगाच ठरलेला नाही. दहाव्या दिवशी थांबवलेला उपचार कुत्र्याला थेट त्या फसव्या मधल्या टप्प्यात ढकलू शकतो, आणि पुढे आठ-दहा महिन्यांनी नाकातून रक्त येऊ लागल्यावर कोणालाही जुना ताप आठवत नाही.

पपईच्या पानांचा अर्क अनेक पशुवैद्य पूरक म्हणून लिहून देतात. डॉक्टरांनी सांगितला असेल तर तो जरूर द्यावा, पण तो जिवाणू मारत नाही. प्लेटलेटचा आकडा हा आजाराचा परिणाम आहे, त्यामुळे केवळ आकडा वाढवण्याच्या मागे लागून मूळ औषध सोडणे कुत्र्याच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे. प्लेटलेट खालावलेल्या असेपर्यंत तिला उंचावरून उड्या मारू देऊ नका, दोरी ओढण्याचे खेळ आणि कडक हाडे बंद ठेवा आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा.

माळरान (सोलापूर जिल्हा)

आमच्याकडे शेतावर दोन गावठी कुत्रे आहेत आणि शेजारीच गाईंचा गोठा आहे. गाईंना गोचीड झाले की आम्ही बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात औषध पाण्यात मिसळून फवारतो आणि उरलेले पाणी कुत्र्यांवरही मारतो. गावात काही जण आयव्हरमेक्टिनचे जनावरांचे इंजेक्शनही कुत्र्याला टोचतात. हे योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे. आमच्याकडे दवाखाना तालुक्याला आहे, आणि महागड्या गोळ्या परवडत नाहीत.

पशुवैद्य_सातारा

माळरान दादा, तुम्ही विचारलेला प्रश्न ग्रामीण भागातील हजारो कुत्र्यांच्या जिवाशी निगडित आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गाईच्या अंगावर प्रामुख्याने आढळणारा गोचीड आणि कुत्र्याचा तपकिरी गोचीड यांचे जीवनचक्र वेगळे आहे. गाईचा गोचीड पिल्लापासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो. कुत्र्याचा गोचीड मात्र तीन वेळा कुत्र्यावर चढतो आणि तीन वेळा खाली उतरतो. सहा पायांचे पिल्लू रक्त पिऊन गळून पडते, भेगेत शिरून कात टाकते आणि आठ पायांचे होऊन परत येते. तेही पुन्हा उतरते, प्रौढ होते आणि तिसऱ्यांदा चढते. शेवटी रक्ताने टम्म फुगलेली मादी भिंतीच्या फटीत जाऊन काही हजार अंडी घालते. म्हणजे कोणत्याही क्षणी तुमच्या शेतावरील बहुतेक गोचीड कुत्र्यावर नसून त्याच्या बसण्याच्या जागेत असतात. प्रौढ गोचीड रक्ताशिवाय कित्येक महिने जगतो. फक्त कुत्र्यावर फवारणी करून हे चक्र तुटत नाही.

औषधांविषयी बोलायचे तर, गोठ्यासाठीचे द्रावण कुत्र्यावर मारू नये, कारण कुत्रा अंग चाटतो आणि औषध पोटात जाते. अमिट्राझ कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरतात, पण पशुवैद्याने सांगितलेल्या प्रमाणात पातळ करूनच. दाट द्रावण लागले तर कुत्रा गुंगतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तातील साखर वाढते. पायरेथ्रॉइड गटातील काही औषधे, विशेषतः पर्मेथ्रिन, मांजरांना जीवघेणी ठरतात. शेतावर मांजर असेल तर ते कुत्र्याला चिकटून झोपते, हे ध्यानात ठेवावे. आयव्हरमेक्टिनची जनावरांसाठीची मात्रा अंदाजाने टोचणे अत्यंत धोक्याचे आहे. कोली या कुत्र्याच्या जातीत आणि तिच्या संकरातील अनेक कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो. त्यामुळे हे औषध मेंदूत शिरते, कुत्रा झटके येऊन बेशुद्ध पडतो. आपल्या गावठी कुत्र्यात कोणता संकर आहे हे दिसण्यावरून सांगता येत नाही. तसेच गाईंच्या गोचीड तापावर वापरले जाणारे बुपार्व्हाक्वोन हे थायलेरिया या गाईंच्या रक्तातील परजीवीवरचे औषध आहे. ते उरले म्हणून आपल्या मनाने कुत्र्याला देऊ नये.

रॉकेल, डांबरगोळ्यांचे पाणी, तंबाखूचा काढा आणि कापूर हे चारही प्रकार मी कुत्र्यांवर झालेले पाहिले आहेत. त्यांनी त्वचा भाजते किंवा विषबाधा होते, म्हणून त्यांपासून कृपया दूर राहावे. परवडणारा मार्ग विचाराल, तर मानेवर थेंब टाकण्याचे फिप्रोनिल कुत्र्याच्या वजनाप्रमाणे महिन्याला एकदा वापरा. कुत्रे जिथे बसतात तिथल्या भेगा सिमेंटने बुजवा आणि बसायची पोती दर आठवड्याला कडक उन्हात वाळवून जुनी झाली की जाळून टाका. तालुक्याच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यांनाही तपासतात. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते, आणि शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर व मुंबई येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत रक्ततपासणीसह उपचार होतात.

चौथा_मजला (मुंबई)

वरच्या प्रतिसादातील जीवनचक्राची माहिती फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. आमचा समज असा होता की गोचीड हा माती-गवताचा प्राणी आहे आणि चौथ्या मजल्यावर त्याचा काय संबंध. प्रत्यक्षात हा तपकिरी गोचीड घरात राहायला सरावलेला आहे आणि तो भिंतीवर वर चढतो. आम्हाला तो पडद्यांच्या वरच्या घडीत, विजेच्या बटणांच्या पाटीमागे, फरशीकडेच्या पट्टीच्या फटीत आणि पलंगाच्या लाकडी सांध्यांत सापडला. कुत्र्याला वेळच्या वेळी औषध देऊनही महिनाभर गोचीड दिसत राहिले, तेव्हा घरातील मंडळी औषधाला दोष देऊ लागली. वास्तविक ते जुन्या अंड्यांतून निघालेले नवे पिल्लू होते.

घराची फवारणी करायची असेल, तर कुत्र्याला आणि लहान मुलांना बाहेर नातेवाइकांकडे ठेवावे, माशांच्या टाकीचा पंप बंद करून ती झाकावी आणि फरशी पूर्ण वाळल्याशिवाय परत येऊ नये. एका फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा करावी लागते. कुत्र्याच्या गादीचे कव्हर दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुवावे. व्हॅक्यूम क्लीनर वापरत असाल, तर त्यातील कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाकावा, नाही तर गोचीड त्यातूनच परत बाहेर येतात.

अंगावरचा गोचीड काढताना त्यावर तेल टाकणे किंवा काडी लावणे टाळावे. बारीक चिमट्याने त्वचेला अगदी लागून त्याचे तोंड पकडावे आणि न पिळता सरळ वर ओढावे. काढलेला गोचीड नखाने चिरडू नये, झाकणाच्या बाटलीतील स्पिरिटमध्ये टाकावा. आपल्या इमारतीखालच्या भटक्या कुत्र्यांनाही याच औषधांची गरज असते. आमच्या सोसायटीत काही कुटुंबांनी वर्गणी काढून त्यांना पावसाळ्याआधीपासून औषध देण्यास सुरुवात केली, आणि त्यानंतर इमारतीतील पाळीव कुत्र्यांचा त्रास लक्षणीय कमी झाला.

आंबोलीवारा (सिंधुदुर्ग)

आमच्या भागात माकडतापाची मोठी धास्ती आहे. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली होती आणि तोही गोचिडांमुळेच होतो असे आरोग्य खाते सांगते. कुत्र्याचा गोचीड ताप आम्हा माणसांना होऊ शकतो का?

पशुवैद्य_सातारा

दोन्ही आजार वेगळे आहेत. माकडताप हा विषाणूमुळे होतो आणि तो जंगलातील वेगळ्या जातीच्या गोचिडांमार्फत माकडांत व माणसांत येतो. आजारी कुत्र्याला हात लावल्याने, त्याच्या लाळेमुळे किंवा त्याच्याजवळ बसल्याने त्याचा एर्लिकिया तुम्हाला लागत नाही. तुमच्या भागात खबरदारीचा मुद्दा निराळाच आहे. काजूच्या बागेत किंवा रानात सोडलेला कुत्रा जंगलातले गोचीड अंगावर घेऊन घरात येऊ शकतो. म्हणून रानातून आल्यावर त्याला अंगणातच हातमोजे घालून नीट तपासावे, आणि माकडे मेलेली आढळली तर तो भाग टाळून आरोग्य केंद्राला कळवावे.

निळीशाल (नाशिक)

आमच्या सहा वर्षांच्या बीगलला फिटचा त्रास आहे आणि त्याची औषधे रोज चालू आहेत. गोचिडांसाठी चघळण्याची गोळी द्यावी, असे सगळे सुचवतात. ती त्याला सुरक्षित आहे का?

पशुवैद्य_सातारा

या गोळ्या आयसॉक्साझोलिन गटातील आहेत. ॲफॉक्सोलेनर आणि सॅरोलेनर महिन्यातून एकदा, तर फ्लुरालेनर साधारण बारा आठवड्यांतून एकदा देतात. बहुसंख्य कुत्र्यांना त्या उत्तम मानवतात आणि गोचीड नियंत्रणात त्यांनी मोठा फरक घडवला आहे. तथापि, काही कुत्र्यांत त्यांच्यामुळे झटके, कंप आणि तोल जाणे असे परिणाम दिसल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली याविषयी इशारा दिला. फिटचा इतिहास असलेल्या कुत्र्यासाठी मी स्वतः आधी मानेवरचे थेंब किंवा फ्लुमेथ्रिन व इमिडाक्लोप्रिड असलेला पट्टा सुचवतो. तुमच्या डॉक्टरांना त्याच्या सर्व औषधांची यादी दाखवूनच निर्णय घ्यावा. गोळीच्या बाबतीत एक गोष्ट सर्वांनीच लक्षात घ्यावी. गोचीड चावून रक्त प्यायल्यावरच तिच्यामुळे मरतो, आणि एर्लिकिया तर चावल्यावर काही तासांतच कुत्र्यात शिरू शकतो. म्हणून गोळी दिली तरी फिरून आल्यावर अंग तपासण्याची सवय सोडू नये.

सूक्ष्मदर्शी (नागपूर)

रक्तदानाविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. बबेसियाने किंवा दीर्घ एर्लिकियाने हिमोग्लोबिन फार खाली गेले, तर कुत्र्याला रक्त द्यावे लागते. कुत्र्यांनाही रक्तगट असतात, पण मुख्य गटाविरुद्ध त्यांच्या रक्तात जन्मतः प्रतिद्रव्ये नसतात. त्यामुळे पहिल्या वेळी तीव्र प्रतिक्रिया सहसा येत नाही. दुसऱ्या वेळी मात्र दोघांचे रक्त जुळते का हे तपासणे अनिवार्य आहे. दाता कुत्रा २५ किलोपेक्षा जास्त वजनाचा, तरुण, सर्व लसी घेतलेला आणि स्वतः गोचिडांच्या आजारांतून मुक्त असल्याचे तपासलेला हवा. ही शेवटची अट घाईत वगळली जाते आणि दात्याच्या रक्तातूनच बबेसिया पुढे जातो. ज्यांच्याकडे मोठ्या जातीचे निरोगी कुत्रे आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे दाता म्हणून नोंद करून ठेवावी, ही माझी मनापासून विनंती आहे. कारण मध्यरात्री दाता शोधणाऱ्या कुटुंबाची धावपळ मी पुष्कळदा पाहिली आहे.

पाऊसवाट (ठाणे)

पीसीआरचा अहवाल आला. एर्लिकिया कॅनिस आढळला, बबेसिया आढळला नाही. जेवणाच्या मध्ये गोळी देण्याच्या पद्धतीमुळे उलट्या थांबल्या आहेत. प्लेटलेट आता १ लाख ८० हजारांवर आल्या असून ती पूर्ववत जिन्यापर्यंत धावत येते. औषध पूर्ण २८ दिवस देणार आहोत, हे शेजारच्या काकांनाही सांगितले आणि त्यांनी आपल्या कुत्र्याचे रक्त पुन्हा तपासून घ्यायचे ठरवले आहे. आमच्या मनात आता एकच प्रश्न उरला आहे: उपचार संपल्यावर ती खरोखर बरी झाली हे कसे ठरवावे, आणि तिला हा आजार पुन्हा होऊ शकतो का?

रानजाई (पुणे)

हे वाचून फार आनंद झाला. काकांचा निर्णयही योग्य आहे.

औषध संपल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पीसीआर पुन्हा करावी. ती नकारार्थी आली आणि प्लेटलेट सामान्य राहिल्या, तर उपचार यशस्वी झाला असे डॉक्टर धरतात. ती होकारार्थी आली, तर आणखी चार आठवडे औषध देऊन पुन्हा तपासतात. सूक्ष्मदर्शी यांनी आधी लिहिल्याप्रमाणे, प्रतिद्रव्यांची पट्टी यासाठी वापरू नका. ती पुढेही बराच काळ होकारार्थी येत राहील आणि विनाकारण घाबराल. पीसीआरचा खर्च झेपणारा नसेल, तर किमान पूर्ण रक्तगणना महिन्याने आणि त्यानंतर तीन महिन्यांनी करून घ्या आणि जुने अहवाल एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा. डॉक्टर बदलला तरी त्या फाइलमुळे नव्या डॉक्टरांना मागचा सगळा प्रवास कळतो.

आजार पुन्हा होऊ शकतो. एकदा झाल्याने कायमची प्रतिकारशक्ती येत नाही आणि या आजारावर लसही उपलब्ध नाही. आपले हवामान उबदार असल्यामुळे गोचीड बाराही महिने तग धरतात, म्हणून प्रतिबंधक औषध हिवाळ्यात थांबवू नका. पुढची मात्रा कधी द्यायची ती तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहा, आणि घराच्या फवारणीची दुसरी फेरी राहिली असेल तर ती या आठवड्यात उरकून घ्या.